प्रणयच्या नावावर

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. जिच्यासोबत हे घडलं ती माझी आतेबहीण. तिने हे मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिला विचारूनच लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत, गावांची नाहीत.

आणि एक सांगून ठेवतो. यात रात्र नाही, अंधार नाही, अमावस्या नाही. सगळं भर दुपारी घडलं. उजेडात, माणसांत.

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी.

कल्पिता थळची. घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी केसर आत्या. मामा वारल्यावर... म्हणजे कल्पिताचे वडील, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो... ते वारल्यावर आत्याने शिलाई मशीनवर तिला शिकवलं. कल्पिता कॉम्प्युटर शिकली आणि अलिबागला एका छोट्या कंपनीत लागली. एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. मालक हर्षद सर, बाहेरची कामं बघणारी दोन माणसं, आणि प्रोग्राम लिहिणारे दोघेच. एक कल्पिता, दुसरा प्रणय.

प्रणय रेवदंड्याचा. कोळीवाड्यातला. वडील लहानपणीच गेलेले, आई सखुबाई मासळी विकायची. त्याचा काका काळूराम, त्याची स्वतःची होडी.

दोघांनी मिळून एक काम केलं होतं. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावर पाण्यात एक यंत्र सोडलेलं. लाट किती उंच आहे ते यंत्र मोजायचं आणि लाट दोन मीटरच्या वर गेली की जेटीवरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की होड्यांनी खाडीच्या तोंडावर यायचं नाही, बाहेरच थांबायचं किंवा दुसरीकडे जायचं. प्रणयला या कामाची फार कळकळ होती. त्याचीच माणसं त्या होड्यांवर होती.

२०२३ च्या नोव्हेंबरमधला शेवटचा रविवार.

सुट्टी म्हणून प्रणय काकाबरोबर समुद्रात गेला होता. दुपारी अचानक वारा उठला. अवकाळी पाऊस आला. काळूरामची होडी परत निघाली होती, खाडीच्या तोंडाशी आली होती. भोंगा वाजला नाही म्हणून ते सरळ आत घुसले.

होडी उलटली.

जेटीवरच्या माणसांनी डोळ्यांनी बघितलं. कोणीतरी घड्याळ बघितलं होतं. चार वाजून दहा मिनिटं.

काळूराम दुसऱ्या दिवशी कोर्लईच्या खडकांत सापडला. प्रणय सापडला नाही.

आजपर्यंत सापडलेला नाही.

मच्छीमार सोसायटीने चौकशी मागितली. भोंगा का वाजला नाही? यंत्र तर चालू होतं. मग १८ डिसेंबरला, सोमवारी, हर्षद सरांनी कल्पिताला बोलावलं.

"कल्पिता, मला एक कागद हवाय. दोन मीटरची मर्यादा कधी बदलली, कोणी बदलली. सगळ्या कमिट तपास आणि लेखी दे."

कमिट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्राम लिहिणारे लोक केलेला प्रत्येक बदल साठवून ठेवतात. कोणी केला, कधी केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. त्या एका नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटला एक लांबलचक नंबर असतो. तो नंबर आतल्या मजकुरावरून, नावावरून, वेळेवरून आपोआप तयार होतो. नाव बदललं तर नंबर बदलणारच. त्यात कोणाचं काही चालत नाही.

त्या दोघांच्या मिळून चारशे बारा कमिट होत्या. कल्पिताने पायथन भाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. वीस-पंचवीस ओळींची. पहिल्या कमिटपासून शेवटच्या कमिटपर्यंत जायचं, मर्यादेचा आकडा बदललेला दिसला की ती ओळ छापायची.

तिने स्क्रिप्ट चालवली.

दोनच ओळी आल्या.

पहिली जूनमधली. आकडा पहिल्यांदा लिहिला गेला, २. नाव प्रणयचं.

दुसरी... १७ ऑक्टोबर, सकाळी ११:४२. २ चे २०.

नाव कल्पिताचं.

तिला आठवलं. एकदम सगळं आठवलं. त्या दिवशी प्रणय जेटीवर भोंग्याची चाचणी घेत होता. ती ऑफिसात होती. त्याचा फोन आला होता.

"कल्पिता, वाड्यातून मयत चाललीय. अर्धा तास भोंगा वाजू देऊ नको. बरं दिसत नाही."

तिने दोनच्या जागी वीस लिहिलं. वीस मीटरची लाट कुठे येते? भोंगा गप्प झाला. अर्ध्या तासाने परत दोन करायचं होतं. तेवढ्यात हर्षद सरांनी दुसऱ्या कामाला बसवलं, आणि ती विसरली.

सहा आठवडे समुद्र शांत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिने पडद्यावरून नजर काढली. समोर प्रणयची खुर्ची होती. रिकामी. तिला वाटलं, तुरुंगात जाणार. वाटलं, आईचं काय. आणि मग वाटलं... प्रणय तर गेलाय. त्याला आता कोण काय करणार?

तिने स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढवल्या. त्या एका कमिटवरचं नाव बदललं. कल्पिताच्या जागी प्रणय. पुढच्या सगळ्या कमिटचे नंबर त्यामुळे बदलले, पण ते बघणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतंच. जुन्याच्या जागी नवं चढवलं आणि सरांना कागद दिला.

मला सांगताना ती म्हणाली, "दादा, तेव्हा माझे हात थरथरले नाहीत. ते जास्त वाईट वाटतं."

कागद सोसायटीत गेला. तिथून गावात.

जानेवारीत यंत्राच्या दुरुस्तीसाठी कल्पिताला रेवदंड्याला जावं लागलं. काम आटोपून ती बाजारावरून येत होती. कोळणी रांगेत बसल्या होत्या. टोपलीला टोपली लागून. आणि एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून आठ-दहा हात लांब, सखुबाई एकटीच बसली होती. तिच्या टोपलीतली मासळी तशीच होती. गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं की रांगेतून एखादी हाक मारायची आणि गिऱ्हाईक इकडे यायचं.

रांगेच्या टोकाला काशी होती, काळूरामची बायको. सखुबाईची सख्खी जाऊ. ती शेजारणीला म्हणत होती, अगदी सखुबाईला ऐकू जाईल असं.

"पोरान भोंगा बंद ठेवला नि माज्या घोवाला बुडवला. आय बसलीय बग कशी."

सखुबाईने मान वर केली नाही. मासळीवरच्या माश्या वारत राहिली.

कल्पिता तिथून निघाली. एसटीत बसली. अलिबागला ऑफिसात पोचली तेव्हा चार वाजायला आले होते.

हर्षद सरांना नव्या कामासाठी माहिती हवी होती, कोणी किती काम केलंय त्याची. कल्पिताने जुन्याच स्क्रिप्टमध्ये मोजणी टाकली. तिने प्रणयला दिलेली ती एक कमिट धरून आकडे आले. प्रणय दोनशे चोवीस. कल्पिता एकशे अठ्ठ्याऐंशी. एकूण चारशे बारा.

बरोबर होतं.

आणि मग...

पंख्याचा आवाज बंद झाला.

तिने वर बघितलं. पंखा फिरत होता. खाली स्टँडवर एसटी उभी होती, धूर सोडत होती. तिचाही आवाज नव्हता. बाहेरच्या खोलीत सर फोनवर बोलत होते. ओठ हलत होते.

कसलाच आवाज नाही.

मग एकच आवाज आला.

टक्.

कीबोर्डचं बटण दाबल्याचा. प्रणयच्या टेबलावरून.

त्या टेबलावर कीबोर्ड नव्हता. सगळं कधीच उचलून ठेवलं होतं.

दुसऱ्या क्षणी पंखा ऐकू आला, एसटी ऐकू आली, सरांचं बोलणं ऐकू आलं. तिने घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं.

तिने मनाची समजूत घातली. उन्हातून आलेय, काही खाल्लं नाही. सरांना आकडे द्यायचे म्हणून तिने स्क्रिप्ट पुन्हा एकदा चालवली.

प्रणय दोनशे पंचवीस.

कल्पिता एकशे सत्त्याऐंशी.

पहिल्यांदा तिला वाटलं स्क्रिप्टमध्ये चूक आहे. तिने ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघितल्या. एक कमिट सरकली होती. २०२२ च्या मे महिन्यातली. ती कमिट कल्पिताला नीट आठवत होती, कारण माझ्याच हळदीला ती लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि आम्ही सगळे तिला हसत होतो. ते काम तिचं होतं.

आता त्यावर प्रणयचं नाव होतं.

आणि नंबर?

नंबर तोच होता. एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

नाव बदललं की नंबर बदलतो. बदलावाच लागतो. ती म्हणाली, "माणूस बदलला आणि त्याच्या अंगठ्याचा ठसा तोच राहिला, तसं होतं ते."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम चार वाजता स्क्रिप्ट चालवली. एकशे सत्त्याऐंशी. चार वाजून दहा मिनिटांनी आवाज गेले.

टक्... टक्... टक्...

मोजले तिने. सहा वेळा.

एकशे एक्क्याऐंशी.

शुक्रवारी एकशे चाळीस.

ती कोणाला बोलली नाही. काय बोलणार? जे सरकत होतं ते तिनेच आधी सरकवलं होतं.

पुढच्या सोमवारी ऑफिसच्या दारातल्या हजेरीच्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. तिने बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. मशीन म्हणालं, धन्यवाद. ती आत गेली. संध्याकाळी हर्षद सर वैतागून बाहेर आले.

"अरे, प्रणयचं नाव हजेरीतून अजून काढलं नाही का कोणी? आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी हजर दाखवतंय. आणि कल्पिता, तू मात्र गैरहजर."

कल्पिता नऊ वाजून चार मिनिटांनीच आली होती.

मग फोन. यंत्राचे सुटे भाग देणाऱ्या माणसाशी ती दोन वर्षं बोलत होती. ती म्हणाली, मी बोलतेय. तो म्हणाला, "बोला सर." तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बोलणं संपेपर्यंत तो तिला सरच म्हणत राहिला.

घरी केसर आत्या म्हणाली, "तुजा आवाज बसलाय का ग? घसा शेक जरा."

तोंडाला चव खारट यायला लागली. पाणी खारट, चहा खारट. केस विंचरताना फणीतून वाळू पडायला लागली. थोडी थोडी, रोज. ती समुद्रावर पाऊल टाकत नव्हती, तरी ओली वाळू.

आणि एके दिवशी गाठ.

अंगणात कपड्यांची दोरी तुटली होती. कल्पिताने ती खांबाला बांधली आणि आत आली. थोड्या वेळाने आत्या दारात उभी राहिली.

"ही गाठ कोनी शिकवली तुला?"

"कसली गाठ?"

"ही दोरीची. आपल्यात न्हाय कोन मारत अशी. कोली मारतात, होडी बांधताना."

कल्पिताने जाऊन बघितलं. गाठ तिनेच मारली होती. कशी मारली ते तिला कळत नव्हतं. ती सोडवायलाही तिला जमली नाही.

त्या दिवशी आकडा एकोणतीस होता.

तिच्याकडे एक जुना पेन ड्राइव्ह होता. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या कामाची एक प्रत तिने त्यात ठेवली होती. तो घरीच होता, कपाटात, कुलपात. कोणत्याही मशीनला जोडलेला नव्हता. त्यात तरी जुनं असणार. त्यात १७ ऑक्टोबरच्या कमिटवर तिचंच नाव असणार.

तिने तो लॅपटॉपला लावला. स्क्रिप्ट चालवली.

ओळी पळायला लागल्या. प्रणय. प्रणय. प्रणय. प्रणय. कल्पिता. प्रणय. प्रणय...

१७ ऑक्टोबर, ११:४२. प्रणय.

पेन ड्राइव्ह ओला होता. तिने काढला तेव्हा त्याच्या टोकातून पाणी गळलं.

त्या रविवारी तिने ठरवलं की पुरे झालं. खरं सांगून टाकायचं. जे होईल ते होऊ दे.

सोमवारी दुपारी ती सरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. मयतीचा फोन, वीसचा आकडा, विसरणं, नाव बदलणं. रडली नाही. सरळ सांगितलं.

हर्षद सर म्हणाले, "दाखव."

"त्यात आता माझं नाव नाहीये, सर."

"मग तू कशावरून म्हणतेस?"

त्यांनी स्वतः स्क्रिप्ट चालवली. तिच्यासमोर.

प्रणय चारशे बारा.

कल्पिता... ती ओळ आलीच नाही. ज्याची एकही कमिट नसते त्याचं नाव छापायला येत नाही.

सरांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"कल्पिता, यात तुझं काहीच नाही. एक ओळ नाही. तू दोन वर्षं इथे करत काय होतीस?"

"सर, मी काम केलंय. तुम्ही बघितलंय."

"बघितलंय..." ते म्हणाले, आणि थांबले. त्यांना खरंच आठवेना. तिला ते चेहऱ्यावर दिसलं. "तू इथे बसायचीस, एवढं आठवतंय मला. काम तर सगळं प्रणयच करायचा ना?"

"नाही सर."

"आणि तुझ्या आवाजाला काय झालंय?"

ती म्हणाली, "मी सोसायटीत जाऊन सांगते."

"कशाच्या जोरावर? पुरावा काय देणार?" ते समजावणीच्या सुरात बोलत होते. "मित्र गेला की माणसाला असं होतं. तू आठ दिवस घरी राहा."

ती घरी गेली नाही. स्टँडवर आली आणि रेवदंड्याच्या एसटीत बसली.

कोळीवाड्यात पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सखुबाईचं घर शेवटून दुसरं. दार उघडं होतं. ओट्यावर काशी बसली होती, शिव्या देत. ती रोज दुपारी येऊन दारात बसून शिव्या द्यायची, आणि सखुबाई आत बसून ऐकायची. असं दीड महिना चाललं होतं.

कल्पिता ओट्याखाली उभी राहिली.  तिला भीती वाटत होती की तोंडातून दुसराच आवाज निघेल.

तिने सांगितलं. दोघींना. उभ्या उभ्या.

"भोंगा मी बंद ठेवला होता. प्रणयने नाही. मी विसरले, आणि नंतर त्याच्या नावावर टाकलं."

काशी उठली. जवळ आली. कल्पिताला वाटलं मारणार. काशीने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, तिच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडात फिरवला. मग हात झटकन मागे घेतला, जसा चटका बसावा तसा.

काशी तिथून गेली. जाताना तिने वळून बघितलं, ते कल्पिताकडे नाही, सखुबाईच्या दाराकडे.

आतून सखुबाईचा आवाज आला.

"पाय धू नि आत ये."

मोरीत बादली भरलेली होती. कल्पिताने पाय धुतले. आत गेली. सखुबाईने ताट वाढून ठेवलं होतं. भात, बोंबलाचं कालवण. एकच ताट.

"मावशी, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"आयकला."

"मला शिव्या द्या. पोलिसांकडे चला, मी येते."

"पोलीस काय करतील? तुजं नाव हाय का कुटं?" सखुबाई म्हणाली.

हे तिला कोणी सांगितलं होतं? कल्पिताने तर स्वतःच्या नावाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. फक्त बंद ठेवला एवढंच, आणि त्याच्या नावावर टाकलं एवढंच. आता आपलं नाव कुठेच उरलेलं नाही, हे ती आणि हर्षद सर सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

"मना ठाव हाय सगला," सखुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सांगून गेलाय तो. येल म्हनला ती. मी वाट बगत व्हती."

"कोण सांगून गेला?"

 तिने कल्पिताचे दोन्ही हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. बोटं एकेक चाचपली. मग नाकाशी नेऊन वास घेतला. डोळे मिटून, हळूहळू.

तिच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाहेर समुद्राचा आवाज बंद झाला.

कल्पिताने वाट बघितली. टक् असा आवाज आला नाही. मोजायला आता काही उरलंच नव्हतं.

सखुबाई हात सोडेना. कल्पिताने ओढून बघितले, म्हातारीची पकड लोखंडासारखी. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ती हसत होती.

"हात तं त्याचेच हायत," ती म्हणाली. "र्‍हाऊ दे माज्याकडं जरा."

दिवस बुडेपर्यंत कल्पिता तशीच बसून होती. मग सखुबाईने हात सोडले.

"उद्या ये."

एवढंच.

ती थळला आली. आत्याला सगळं सांगितलं. आत्याने देवाला दिवा लावला आणि म्हणाली की उद्या अजिबात जायचं नाही, मी दार लावून बसते.

तो दिवस आत्यानेही मला सांगितलाय, म्हणून लिहितोय.

दुपारी आत्या दाराला पाठ लावून बसली होती. कल्पिता समोर, भिंतीला टेकून. दोघी घड्याळ बघत होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी कल्पिता खोकली. एकदा. मग पुन्हा. मग तोंडातून पाणी आलं.

आत्याला वाटलं उलटी होतेय. ती बादली घेऊन धावली.

पाणी थांबेना. नाकातून, तोंडातून. खारट, गढूळ, वाळू असलेलं. बादली अर्ध्याच्या वर भरली. कल्पिताला श्वास घेता येईना, ती जमिनीवर हातपाय मारत होती, पाण्यात पडलेला माणूस मारतो तसे. आत्याने तिला उचललं, रिक्षात घातलं आणि रिक्षावाल्याला रेवदंड्याला घ्यायला सांगितलं. दवाखान्यात का नाही नेलं, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "मना न्हाय म्हाईत. तोंडातून त्याच गावाचा नाव निघाला."

चौल ओलांडलं आणि पाणी थांबलं.

सखुबाई दारात उभी होती.

"सांगलं व्हतं ना, ये म्हनून."

तेव्हापासून कल्पिता रोज जाते. नोकरी सोडली. सकाळी आत्याला मशीनवर मदत करते, दुपारची एसटी धरते, सखुबाईच्या घरी पाय धुते, जेवते, हात पुढे करते. दिवस बुडाला की परत येते. दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. दिवाळीलाही नाही. ती मागच्या वर्षी तापाने फणफणली होती, तरी आत्या तिला धरून घेऊन गेली.

काशीने वाड्यात काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने आपली टोपली सखुबाईच्या शेजारी मांडली. तिच्या मागे बाकीच्याही आल्या. प्रणयला आता तिथे कोणी वाईट बोलत नाही. कागदावर अजूनही त्याचंच नाव आहे, आणि ते बदलायचा कोणी प्रयत्न करत नाही.

कल्पिताला वाड्यातले सगळे ओळखतात. हाक कोणत्या नावाने मारतात ते मी तिला विचारलं. ती दुसरीकडे बघायला लागली.

हे सगळं मी आज का लिहितोय, तर गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. सखुबाई अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर येऊन गेले, काही दिवसांचं सांगून गेले. म्हातारी जेवत नाही, बोलत नाही. फक्त दुपारी हात शोधते.

परवा ती एकच वाक्य बोलली म्हणे. हात धरून.

"माज्या मागून त्याच्याकडंच जा."

कल्पिताने विचारलं, कुठे?

सखुबाईने बोट दाखवलं. दाराबाहेर, होड्यांच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाकडे.